मादामचं पाणी

"हे पाणी चालायचं नाही," हीमोमावशी म्हणाली आणि तिनं बादली पायानं बाजूला सारली.

मुफद्दलला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पहाटेची अजान होऊन थोडाच वेळ झाला होता. त्याच्या थोडं आधी त्याची आई, यम्ना, गेली होती. भिंतीकडे तोंड करून, कुणाला फार त्रास न देता. रडून रडून त्याची बायको रहमा आता गप्प बसली होती आणि अंगणाच्या दारात गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. मुफद्दल स्वतः टेकडीवरच्या शेतात जाऊन दोन बादल्या भरून घेऊन आला होता. आईच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी दुसऱ्या कुणी आणावं, हे त्याला बरं वाटलं नव्हतं.

"का? काय झालंय पाण्याला?"

"वास घे."

"मावशी, साधं पाणी आहे ते."

"वास घे म्हणते ना! गावातल्या बायकांना शेवटचं न्हाऊ घालण्यात जन्म गेला माझा. मला नको शिकवूस पाणी कशाला म्हणतात ते."

तो बादलीवर ओणवा झाला. खरं तर ओणवं व्हायचीही गरज नव्हती. कुजक्या मासळीचा, वर काहीतरी औषधी असा तो वास त्याच्या ओळखीचा होता. त्याच्या कपड्यांना, हातांना, उशीलाही तो वास होता. आणि आता उजेडात दिसलं, पाण्यावर फिकट निळसर झाक होती.

"खत," तो पुटपुटला. "परवा घातलं होतं."

"एवढं?"

"सगळ्या तळ्यात."

"मादामसाठी," हीमो म्हणाली. तिनं ते विचारलं नाही, नुसतं म्हटलं. दारातल्या एका बाईनं कमरेच्या पट्टेरी फडक्याचं टोक नाकाला लावलं आणि दुसरीकडे बघितलं. मुफद्दलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

'मादाम' हे नाव यम्नानंच ठेवलेलं. आमच्या डोंगरात जे आपल्या मातीतलं, ते बेल्दी. जे समुद्रापलीकडून आलेलं, ते रूमी. अंडं बेल्दी, कोंबडी बेल्दी, लोणी बेल्दी, आणि गांजाचं पीकसुद्धा बेल्दी. ते वसंतातल्या पावसावर पेरायचं, देवाच्या भरवशावर सोडायचं आणि ऐन उन्हाळ्यात कापून गच्चीवर वाळत टाकायचं. गुडघ्याएवढं रोप, काटकुळं, पाणी मागायचं त्याला ठाऊकच नाही. मग हायब्रीड आलं. खर्दाला म्हणतात त्याला, पण यम्नानं पहिल्याच वर्षी ते रोप नखशिखांत न्याहाळलं होतं. माणसाच्या छातीएवढं उंच, पानं रुंद आणि काळपट हिरवी, बोंडं मुठीएवढी, हात लावला तर बोटं चिकटतात. वास लिंबाचा की पेट्रोलचा ते ठरवता येत नाही.

"हिला पाणी किती लागतं रे?" तिनं विचारलं होतं.

"रोज. कडक उन्हात दोनदा."

"आणि बी?"

"बी नाही धरू द्यायचं आई. नर रोप दिसलं की उपटून टाकायचं. बी दर वर्षी विकत आणायचं."

"अगं बाई! नवऱ्याला हाकलून देते, लेकरू नको म्हणते आणि वर दिवसातून दोनदा न्हायला मागते! ही मादामच की!"

सगळं घर हसलं होतं. मुफद्दलही हसला होता. नाव गावभर झालं. रोज संध्याकाळी तो शेतातून आला की यम्ना खाटेवरून विचारायची, "न्हाली का रे तुझी मादाम?" आणि तो म्हणायचा, "न्हाली, न्हाली." शेवटच्या आठवड्यात तिनं त्यात भर घातली होती. "मग आता मलाही घाल की बाबा न्हायला. अंग चिकचिकतंय." आणि तो म्हणाला होता, "उद्या, आई. उद्या नक्की."

तो 'उद्या' आज उजाडला होता.

मशिदीत नमाज पढवणारे फकीह, सी बुश्ता, काठी टेकत आले. बोटभर दाढी, नजर अधू, पण कान तिखट. त्यांना दारातच बायकांनी सगळं सांगितलं असावं, कारण त्यांनी बादलीकडे बघितलंही नाही.

"घरात दुसरं पाणी?"

"नाही, सी बुश्ता. काल होतं ते रात्री तिच्याच तोंडाला लावण्यात, अंग पुसण्यात संपलं," रहमा आतून म्हणाली. "खत घालायच्या आधी घरचे डबे भरून घ्या, असं मी यांना सांगितलं होतं."

मुफद्दलनं मान खाली घातली. सांगितलं होतं तिनं. त्यालाही ठाऊक होतं. खत नेहमी छोट्या पिंपात कालवायचं आणि तिथूनच नळीत सोडायचं, तळं स्वच्छ ठेवायचं. पण परवा बोंडं भरत होती, ऊन आग ओकत होतं आणि त्याला घाई झाली होती. पोती सरळ तळ्यात रिकामी केली. म्हटलं, उद्या ऊन पडलं की बोअरचं ताजं पाणी येईलच, तेव्हा भरू घरचे डबे.

"नदीवरून?" फकीहांनी विचारलं.

"खेचर खाली जाऊन वर यायला दुपार टळेल," हीमो म्हणाली. "आणि हे दिवस कसले आहेत ते बघताय ना? बाईला तितका वेळ ठेवणार का अशा उन्हात?"

फकीहांनी काठीवर हनुवटी टेकली. "हे बघ बाळा. पाणी मिळतच नसेल तर मातीवर भागतं. धर्मानं मुभा दिलीय. स्वच्छ कोरड्या मातीवर हात ठेवायचे आणि मयताच्या तोंडावरून, हातांवरून फिरवायचे. त्यात कमीपणा काही नाही. पण ते पाणी नसेल तर." त्यांनी तोंड मुफद्दलच्या दिशेला वळवलं. "तू सांग. पाणी नाही असं म्हण, म्हणजे पुढचं मी बघतो."

गावात दोन उन्हाळे झाले, ज्याच्या त्याच्या तोंडी तेच होतं. पाणी नाही. बायका म्हणत, पोरं म्हणत, मशिदीच्या पायरीवर म्हातारे म्हणत. एकट्या मुफद्दलच्या तोंडून ते कधी निघालं नव्हतं. आजही निघेना. सगळ्या गावाला वर त्याचं तळं दिसत होतं, काळ्या प्लॅस्टिकचं, आभाळ पोटात घेऊन पसरलेलं.

"ऊन पडू द्या," तो म्हणाला. "बोअर चालू होईल. ताजं पाणी घेऊन येतो."

हीमोनं त्याच्याकडे बघितलं. "नक्की?"

"नक्की."

आणि डबे घेऊन तो निघाला. बायकांनी वाट दिली. एकीनंही सांत्वनाचा शब्द काढला नाही, निदान त्याला ऐकू आला नाही.

गावाचं नाव ऐन बर्दा, म्हणजे थंड झरा. झरा मशिदीच्या खाली होता. आता नुसता दगडी हौद आहे आणि त्यात पोरं गोट्या खेळतात. मुफद्दलचं शेत त्या झऱ्याच्या बरोबर वर. बोअर मारणारी गाडी ज्या दिवशी वर चढली, त्या दिवशी गाव तिच्यामागं वरातीसारखं गेलं होतं. पाणी फुटलं तेव्हा बायकांनी जिभा हलवून आनंदाचे चीत्कार केले, यम्नानं पहिल्या धारेत साखर टाकली आणि मुफद्दल ओल्या अंगानं सगळ्यांसमोर म्हणाला, "गावाला नळ देतो! शपथ घेऊन सांगतो, मशिदीच्या दारात नळ देतो!" तेव्हा ते त्याला अगदी मनापासून वाटलं होतं. पण पहिल्या वर्षी पाइप राहिला, दुसऱ्या वर्षी मादामचं क्षेत्र वाढलं, आणि पुढं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "बघू की." मग लोकांनी विचारायचं सोडलं.

अल्लालनं तेवढं सोडलं नव्हतं. झऱ्याच्या पाळ्या लावायचं काम अल्लालचं. त्याच्या बापाचंही तेच. कुणाच्या वाफ्याला पाणी केव्हा वळवायचं, कुणाची पाळी कुणानं उसनी घेतली, हे सगळं त्याच्या डोक्यात. झरा आटत चालला तसा तो एका सकाळी मुफद्दलच्या अंगणात आला. ईद तोंडावर आली होती.

"थोडे दिवस बंद ठेव बोअर," तो म्हणाला. "झऱ्याला जरा उसंत मिळू दे. सणाला बायकांना पाणी तरी मिळेल."

"आणि माझं पीक?"

"वाळणार नाही थोड्या दिवसांनी."

"तुला काय कळतं त्यातलं? तुझं आपलं ते काटकुळं बेल्दी. हे पीक असं नाही अल्लाल. एक दिवस चुकला की बोंड हलकं."

"पण मुफद्दल, पाणी सगळ्यांचं..."

"माझ्या जमिनीखालचं पाणी आहे. तुझ्या बापाचं आहे का?"

हे तो कुणाला म्हणाला होता? अल्लालची आई बाळंतरोगानं अंथरुणाला खिळली, तेव्हा यम्नानं एका बाजूला मुफद्दलला आणि दुसऱ्या बाजूला अल्लालला घेऊन पाजलं होतं. दोघं दूधभाऊ. आमच्याकडे ते नातं सख्ख्याच्या पंगतीत बसतं. अल्लालला मुफद्दलच्या बहिणीशी लग्नसुद्धा करता आलं नसतं. यम्ना आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, तिनं अल्लालच्या हाताला धरून त्याला बसवलं, त्याच्यासमोर गरम भाकरी आणि मध ठेवला. अल्लालनं भाकरीला हात लावून तो हात ओठांना लावला, खाल्लं काही नाही, आणि उठून गेला. त्यानंतर तो यम्नाला भेटायला यायचा, पण मुफद्दल शेतावर असतानाच.

"त्याच्या बापाचं नाव घेतलंस," त्या रात्री यम्ना एवढंच म्हणाली होती. "माझ्या दुधाची लाज ठेवायची होतीस रे."

सूर्य कड्यावरून वर आला आणि सोलरच्या काचांवर पडला. मुफद्दलनं तळ्यात सोडलेल्या पाइपाचं तोंड उचलून डब्यावर धरलं. मोटार गुरगुरली. पाइपात काहीतरी सरकलं. तो ओठातल्या ओठात पुटपुटत होता, आज तेवढं, देवा, आज एवढंच, उद्यापासून नको देऊस.

पाइप खाकरला. तांबडा चिखल थुंकला. मग नुसती हवा आली, मग परत चिखल, मग हवाच.

त्याला आश्चर्य वाटलं नाही, हीच खरी लाजेची गोष्ट. कालही हेच झालं होतं. परवा खत घातल्यावर दुपारीच धार बारीक झाली होती, आणि काल दिवसभर पाइप असाच खोकत होता. त्यानं कुणाला सांगितलं नाही. रहमालाही नाही. काल संध्याकाळी आईनं विचारलं, "न्हाली का मादाम?" तेव्हाही तो म्हणाला होता, "न्हाली." बोअर आटला हे गावाला कळलं तर लोक काय म्हणतील, याचीच त्याला धास्ती. गावाचा झरा पिऊन टाकला आणि आता स्वतःचा बोअरही! तळ्यात निम्मं पाणी शिल्लक होतं, तेवढ्यात बोंडं भरतील, पीक निघेल, मग बघू, असा त्याचा हिशेब होता. आई मध्येच जाईल हे त्या हिशेबात नव्हतं.

भोवती मादाम उभी होती, ताजीतवानी, तेलकट पानांची, ठिबकच्या नळ्या पायाशी घेऊन. खालच्या उतारावर गावाच्या गच्च्या दिसत होत्या. सगळ्यांचं बेल्दी केव्हाच कापून वाळत पडलं होतं. ह्या डोंगरात आता तहानलेलं असं एकट्या त्याचंच पीक होतं. त्याला एकदम तिटकारा आला, पिकाचा नव्हे, स्वतःचा. एखादा झटका येऊन पाणी येईल, या वेड्या आशेनं त्यानं मोटार तशीच चालू ठेवली, पाइप पुन्हा तळ्याच्या काठाला अडकवला आणि रिकामे डबे घेऊन तो खाली उतरला.

घराकडे न जाता तो अल्लालच्या दाराकडे वळला. दुसऱ्या कुणाकडे जावं, असंही त्याला वाटलं होतं. पण इतरांकडे आधी मागून अल्लालकडे शेवटी जाणं जास्त वाईट दिसलं असतं. आणि खरं सांगायचं तर आईच्या अंघोळीचं पाणी मागायला दुसरा हक्काचा माणूस त्याला नव्हता. वाटेनं तो शब्द जुळवत होता. 'अल्लाल, मी तेव्हा जे बोललो...' नको. 'अल्लाल, तुझीही आई होती ती...' हेही नको, हे तर निर्लज्जपणाचं. दारापाशी पोचेपर्यंत त्याच्याकडे एकही वाक्य धड उरलं नव्हतं.

अल्लाल अंगणात खेचरावर डबे चढवत होता. डोळे सुजलेले. बायको फादमा दोरी आवळत होती आणि पुटपुटत होती, "तो निळ्या झाकणाचा राहू दे ना घरात, पोरांना प्यायला..."

"पोरं बहिणीकडे जाऊन पितील," अल्लाल म्हणाला. "चढव."

मुफद्दल दारात उभा राहिला. हातातले रिकामे डबे त्याला लपवावेसे वाटले. एवढे मोठे डबे लपवणार कुठं?

"अल्लाल," तो म्हणाला.

अल्लालनं वळून बघितलं. त्याची नजर डब्यांवर गेली, मग मुफद्दलच्या तांबड्या चिखलानं भरलेल्या पायांवर. त्याला सगळं कळलं असणार. ज्याची हयात पाण्यामागं गेली, त्याला तो चिखल कुठल्या खोलीचा ते सांगावं लागत नाही.

"मी... पाणी..." मुफद्दलनं पुन्हा सुरुवात केली.

"मागू नकोस," अल्लाल म्हणाला.

"अल्लाल, आईला..."

"मागू नकोस म्हणतोय ना! तू मागितलंस तर ते तुला दिल्यासारखं होईल. तुला मी थेंब देणार नाही. हे तिचं आहे." त्यानं खेचराच्या पाठीवर थाप मारली. "हीमोमावशीनं केव्हाच निरोप फिरवलाय. तू वर गेलास तेव्हाच. चल, बाजूला हो."

म्हणजे तो ऊन पडायची वाट बघत होता, तेव्हाच गावाला ठाऊक होतं की तो रिकाम्या हातानं येणार. त्याच्या 'नक्की'वर एकाही माणसानं विश्वास ठेवला नव्हता. मुफद्दल बाजूला झाला. खेचर त्याच्या अंगाला घासून गेलं.

गल्लीत दारं उघडत होती. कुणी किटली घेऊन निघालं होतं, कुणी तेलाच्या डब्यातून, कुणी पोरांच्या दुधाच्या भांड्यातून आणत होतं. एका म्हातारीनं मशिदीला जाण्याआधी हातपाय धुवायला ठेवलेला तांब्या दोन्ही हातांनी सांभाळत आणला. हीमो अंगणात मोठ्या पातेल्यापाशी उभी राहून ओतून घेत होती आणि प्रत्येकीला म्हणत होती, "देव तुला देवो. देव तुझ्या मेलेल्यांना देवो." मुफद्दल कोपऱ्यात उभा होता. त्याला कुणी घालूनपाडून बोललं असतं तर बरं झालं असतं. सगळ्या जणी त्याच्या खांद्याला हात लावून म्हणत होत्या, "धीर धर, बाबा." आणि तो त्यांच्या भांड्यांकडे बघत होता.

बायकांनी दार लावून घेतलं. बाहेर पुरुष भिंतीला टेकून बसले. आतून पाण्याचा आवाज येत होता, अगदी थोडका, थांबून थांबून.

"हळू, रहमा, हळू ओत," हीमोचा आवाज आला. "अजून पाय राहिलेत."

मुफद्दलनं कानांवर हात ठेवले. मग वाटलं, हे बरं दिसत नाही, म्हणून काढले. यम्ना तरुणपणी झऱ्यावर धुणं धुवायला बसली की पोरांच्या अंगावर घागरीच्या घागरी ओतायची. दोघांनाही एकत्र, अल्लालला आणि त्याला. पोरं ओरडली तरी ऐकायची नाही. तिच्या अंघोळीला आज पाय राहिलेत म्हणून हात आखडावा लागत होता. अल्लाल समोरच्या भिंतीला टेकून बसला होता. तो उघडपणे रडत होता. मुफद्दलला रडूही येईना. आपल्याला रडायचा हक्कच राहिला नाही, असं काहीतरी त्याला वाटत होतं.

कबरस्तान त्याच्या शेताच्या खालच्या बांधाला लागूनच. मयत खांद्यावर घेऊन माणसं चढली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. नमाज झाली. यम्नाला खाली उतरवलं ते मुफद्दलनं आणि अल्लालनंच, एकानं खांद्याकडून, एकानं पायांकडून. माती लोटून झाली. सगळे हात पसरून उभे राहिले आणि सी बुश्तांनी दुवा मागायला सुरुवात केली. वारा नव्हता. एक पान हलत नव्हतं.

आणि वरून आवाज आला.

घर्र... खक्क... घर्र...

मोटार. मुफद्दलनं ती बंद केलीच नव्हती. भर उन्हात ती पूर्ण जोरानं ओढत होती, आणि कोरडा पाइप तळ्याच्या काठावर खोकत होता, घशाला कोरड पडलेल्या माणसासारखा. खक्क. मग जरा शांत. मग पुन्हा खक्क. सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा.

सी बुश्तांनी आवाज किंचित चढवला आणि दुवा पुढं नेली. कुणी वर बघितलं नाही. कुणी मुफद्दलकडे बघितलं नाही. सगळ्यांनी माना आणखी खाली घातल्या, जणू तेच ओशाळले होते. बोअर आटला. त्यानं तीन दिवस छातीशी धरून ठेवलेलं गुपित त्याच्या आईच्या मातीवर उभ्या असलेल्या एकूण एक माणसाला कळलं, आणि ते त्याच्या तोंडून कळलं नाही याची त्याला सगळ्यांत जास्त शरम वाटली.

"आमीन," माणसं म्हणाली.

अल्लालनं किटली पुढं घेतली. अंघोळीसाठी जमलेल्यातलं थोडं पाणी हीमोनं कबरीवर शिंपडायला राखून ठेवलं होतं. त्यानं डोक्याकडून पायांकडे बारीक धार सोडली. ओली माती लगेच काळी झाली आणि बघता बघता सुकायला लागली. तळाशी घोटभर राहिलं तसा तो थांबला. मुफद्दलचे हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते.

"हात पुढं कर," अल्लाल हळूच म्हणाला.

"नको. तिच्यावरच घाल."

"अरे, कर ना. आता कशाला हट्ट?"

"नको, अल्लाल. मला नको. घाल तिच्यावर."

वर पाइप पुन्हा खोकला. अल्लालनं त्याच्याकडे बघितलं, या वेळी नजर चुकवली नाही, आणि उरलेलं पाणी यम्नाच्या पायांकडच्या मातीवर ओतलं. पाय राहिलेत, असं त्यानंही ऐकलं होतं.

माणसं उतरून गेली. मुफद्दल एकटा वर शेतात चढला आणि मोटार बंद केली. मग तो तिथंच बांधावर बसून राहिला. ऊन कललं, समोरच्या डोंगराची सावली तळ्यावर येऊन पडली. सकाळी तजेलदार असलेली मादामची पानं आता टोकाशी मिटायला लागली होती. ठिबकचा वॉल्व्ह हाताच्या अंतरावर होता. त्यानं तो सोडला नाही. सोडायचा नाही असं ठरवलंही नाही. उद्या बहुतेक सोडेल. पीक तर काढायलाच हवं होतं, घरात खाणारी तोंडं होती, आणि एवढ्यानं माणूस बदलतो असं त्याला स्वतःबद्दल काही वाटत नव्हतं.

खालून संध्याकाळची अजान आली. याच वेळी तो रोज घरी पोचायचा आणि खाटेवरून प्रश्न यायचा. तो कान देऊन बसला. मग आपण काय ऐकायला बसलोय ते लक्षात आलं आणि त्याला पहिल्यांदा रडू फुटलं. हुंदके देऊन, तोंडावर बाही धरून, कुणी ऐकू नये म्हणून.

नमाजची वेळ जात होती. तो उठला आणि सवयीनं तळ्याच्या काठावर वाकला, हातपाय धुवायला. निम्मं तळं भरलेलं होतं. त्यात अजून उजेड होता. बोटं पाण्याला टेकणार तोच तो वास आला आणि त्यानं हात मागं घेतला.

"पाणी नाही," तो म्हणाला. ऐकायला तिथं कुणी नव्हतं.

मग तो भरल्या तळ्याला पाठ करून गुडघ्यांवर बसला, बांधावरची कोरडी स्वच्छ माती तळव्यांनी थोपटली आणि ते हात तोंडावरून फिरवले, मग मनगटांवरून, जसं पाणी नसलेल्या माणसानं करायचं असतं.

खालून रहमा हाक मारत होती. अल्लालच्या घरून जेवण आलं होतं.